बुटकीवरचा शिक्का

"पोरी, गाडी वर हाय. तू खाली काय शोधायलीस?"

माझं डोकं मागच्या मडगार्डाखाली होतं आणि बाकीची मी कारखान्याच्या आवारात फरशीवर उताणी पडले होते. त्यामुळे आबासाहेब इंगवले मला फक्त चपलांपुरते दिसत होते.

"आबा, इथं आत काहीतरी उमटवलंय."

"कुठं?"

"मडगार्डाच्या आतल्या अंगाला. हात घालून चाचपल्याशिवाय लागणार नाही असं."

चपला एक पाऊल मागं सरकल्या.

"ओरखडा असंल. ये भाईर. ऊन वर आलं की तूच म्हणतीस, आता फोटोत जान न्हाई."

तो ओरखडा नव्हता. चार आण्याच्या नाण्याएवढं वर्तुळ होतं, बारीक बारीक ठिपक्यांचं. मध्ये 'कृ' आणि खाली आकडे: १४-३-७२. मी टॉर्च दातात धरला, दोन फोटो घेतले आणि कपडे झटकत बाहेर आले. आबांनी नेहमीसारखा चहाचा पेला पुढं केला, पण माझ्याकडं न बघता.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठवडाभर मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या आणि रविवारी कॅमेऱ्याला डोळा लावून गाड्यांचे फोटो काढायचे, असा माझा क्रम होता. हा छंद मला कुठून लागला हे आमच्या मिठारींच्या घरात कुणालाच कळलं नाही. लग्नाला गेलं की बायका नवरीचे दागिने बघत आणि मी मांडवाबाहेर वरातीच्या गाडीभोवती फिरत असे. आई म्हणायची, "उज्ज्वला, निदान एकतरी माणसाचा फोटो काढ गं." माणसं मला जमत नसत. माणसं फोटो काढताना तोंड वेगळं करतात. गाडी करत नाही.

आबांची गाडी मला पहिल्यांदा दिसली ती रंकाळ्याच्या कडेला. गडद निळी, दोनच माणसं बसतील एवढी, वरून उघडी, लांबलचक बॉनेट आणि मागं एकदम आवरतं घेतलेलं अंग. उंची इतकी कमी की अलीकडं उभ्या असलेल्या म्हशीच्या पायांमधून ती मला दिसली. सगळं कोल्हापूर तिला 'आबांची बुटकी' म्हणायचं. तिच्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. पुढं नाही, मागं नाही, स्टिअरिंगवरही नाही. मला त्या काळात रस्त्यावरची प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखता यायची, आणि ही मला डोळ्यांनीही ओळखता येईना.

मी धावत जाऊन विचारलं, "फोटो काढू का?"

अडुसष्ट वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा तो माणूस म्हणाला, "काढ की. पर आधी बस. बसल्याबिगर गाडी कळत न्हाई."

त्या दिवशी त्यांनी मला पन्हाळ्याच्या रस्त्यानं वाघबिळापर्यंत नेलं. आपण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलोय आणि रस्ता आपल्या मांडीखालून निघालाय, असं वाटत होतं. एका बैलगाडीला ओलांडताना तिचं चाक माझ्या डोक्याच्या वर फिरताना मी पाहिलं. गुऱ्हाळांचे दिवस होते. गरम काकवीचा वास आधी एका कानाशी आला, मग दुसऱ्या, मग मागं पडला. वळणावर आबा गिअर खाली घेत आणि बुटकी घसा खाकरल्यासारखा आवाज करून पुन्हा पळू लागे. मी हसत सुटले होते, आणि का हसतेय ते कळत नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक रविवारी सकाळी मी त्यांच्या फाउंड्रीच्या आवारात हजर असे. दुपारच्या उन्हात बुटकी म्हणजे नुसता निळा डबा दिसायची. पण सात-साडेसातच्या तिरप्या उन्हात तिच्या अंगावर काहीतरी जागं व्हायचं. रंगाच्या खाली, अगदी बारीक, पाण्यावर वारा गेल्यासारखं. कारखान्यात साच्यात दाबून काढलेल्या गाड्यांवर असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. ते फोटोत पकडायच्या नादात माझे रोलच्या रोल संपत होते.

रस्त्यात कुठंही थांबलं की लोक जमत आणि हमखास विचारत, "आबा, ही केली कुणी?" आबा ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर तळहात आपटत आणि मिशीतून हसत म्हणत, "मी!" मलाही ते नेहमी सांगत, "उज्ज्वले, फोटो ह्या दाराच्या बाजूनं काढ." खरं तर ते दार मला फोटोत नको असायचं. बाकीच्या अंगाला जी लय होती ती त्या दाराशी येऊन अडखळायची. पण मालकाची हौस म्हणून काढायचे एखादा.

त्याच महिन्यात मी धाडस करून पुण्याहून निघणाऱ्या मोटारींच्या एका मासिकाला चार फोटो पाठवले होते. संपादकांचं उत्तर आलं, बारा फोटो पाठवा आणि ही गाडी कुणी, कशी, कधी बनवली ते सविस्तर लिहा, आम्ही चार पानं देऊ. माझं नाव छापून येणार होतं. आबांना पत्र वाचून दाखवलं तर त्यांनी अख्ख्या फाउंड्रीला पेढे वाटले. "लिही," म्हणाले, "इंगवल्यानं केली म्हणून लिही." सविस्तर लिहायचं म्हणून मी गाडीचा कानाकोपरा टिपायला लागले, आणि म्हणून त्या सकाळी मडगार्डाखाली शिरले होते.

रोल धुऊन आला तेव्हा मी लॅबमधली भिंगाची काच घेऊन बसले. शिक्का स्पष्ट होता. पुढच्या रविवारी मी काही न बोलता बॉनेटच्या आत, डिकीच्या झाकणाखाली, पुढच्या मडगार्डांच्या पोटात हात घालून चाचपत गेले. प्रत्येक पत्र्यावर आतून तेच ठिपक्यांचं वर्तुळ, तोच 'कृ', फक्त तारीख वेगळी. सगळ्यात जुनी जानेवारी बहात्तरची, सगळ्यात अलीकडची एप्रिल त्र्याहत्तरची, बॉनेटवर. कुणीतरी सव्वा वर्ष एकेक पत्रा घडवत गेलं होतं. फक्त एका जागी शिक्का नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर.

आबांच्या नावात कुठंच 'कृ' नव्हता.

मोठा केलेला फोटो घेऊन मी भांड्यांच्या बाजारात गेले. असली ठिपक्यांची नक्षी मी आमच्या घरच्या जुन्या तांब्याच्या हंड्यावर पाहिली होती. बंडोपंत ओतारी नावाच्या म्हाताऱ्या दुकानदारानं फोटो चष्म्याजवळ नेला आणि लगेच म्हणाला, "हा कृष्णाजी तांबटाचा शिक्का. त्याच्या हातचं घंगाळ म्हंजे ठोका मोजून घ्यावा असं. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. भांडं कुठं मिळालं तुम्हांला?"

"भांडं नाही, गाडी आहे. त्यांना भेटता येईल?"

"आता कुठं भेटतोय. एकोणसत्तर साली गेला."

"बहात्तर-त्र्याहत्तरच्या तारखा आहेत यावर."

बंडोपंतांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "पोरी, मी त्याला खांदा दिलाय."

मी तशीच सायकल दामटत फाउंड्रीवर गेले. आबा बुटकीची काच पुसत होते.

"आबा, कृष्णाजी तांबट कोण?"

फडकं काचेवर थांबलं. "कुणी सांगितलं तुला हे नाव?"

"गाडीनंच. प्रत्येक पत्र्यावर आहे."

"हे बघ. सांगाडा मी जोडला. नळी न् नळी मी कापली. फियाटचं इंजिन मी बसवलं, गिअर, ब्रेक, सगळं ह्या हातांनी."

"आणि पत्रा?"

आबांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पत्र्याचं लिहू नको."

"का?"

"न्हाई लिहायचं म्हणून न्हाई लिहायचं."

मला राग आला. गेले पाच महिने मी ह्या माणसावर जीव टाकला होता. मी म्हणाले, "लोक त्या पत्र्याकडं बघून थांबतात आबा, इंजिनाकडं बघून नाही. आणि तुम्ही पंचवीस वर्षं 'मी केली, मी केली' म्हणून सांगताय. ज्यानं केलं त्याचं एकदा तरी नाव घ्यावं असं वाटलं नाही तुम्हांला? दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवायचं, याला काय म्हणायचं?"

त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली आणि बुटकीवर टाकली, बॉनेटपासून मागपर्यंत, नीट, चारी कोपरे ओढून.

"तू काय समजायचं ते समज," ते म्हणाले. "आणि त्या मासिकाला कळव, गाडी छापायची न्हाई म्हणावं."

घरी येऊन मी मासिकाला पत्र लिहिलं. गाडीचं सगळं सौंदर्य एका अज्ञात तांबटाच्या हातचं आहे आणि मालक ते श्रेय लाटतात, असं स्वच्छ लिहिलं. बारा फोटो जोडले, पाकीट बंद केलं, तिकिटं लावली. पण पोस्टात टाकवेना. आमच्या लॅबमध्ये एक सवय लावली होती: सगळे आकडे जुळले आणि एक जुळत नसेल, तर रिपोर्टवर सही करायची नाही. इथं एक मेलेला माणूस मेल्यानंतर तीन वर्षांनी शिक्के मारत होता. मी पुन्हा बंडोपंतांकडं गेले. त्यांनी आठवून आठवून सांगितलं, कृष्णाजीची बायको सगुणाबाई आहे अजून, मुरगूडला, लेकीकडं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी मुरगूड गाठलं. पाकीट पिशवीतच होतं.

सगुणाबाई परसात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. अडुसष्ट-सत्तरची, उंच, रुंद हाडाची. पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते तिच्या मनगटांकडं. बाईची इतकी जाड मनगटं मी पाहिली नव्हती.

"कृष्णाजी तांबटांकडं काम होतं," मी म्हणाले आणि मलाच ते वेडगळ वाटलं.

"त्यांना जाऊन एकोणतीस वर्सं झाली, बाई."

"माहीत आहे. म्हणूनच आले."

मी फोटो पुढं केले. तिनं हात पदराला पुसले आणि पहिला फोटो उचलला. तो तिनं सरळ धरून पाहिलाच नाही. जरा तिरका केला, उन्हाकडं, पुन्हा तिरका. मी डार्करूमच्या दाराशी उभी राहून जसा बघते तसा. मग अंगठा त्या निळ्या रेषेवरून सावकाश फिरवला, जणू कागदाला चढउतार होता.

"ही अजून चालतीया?"

"चालते? पन्हाळ्याचा घाट चढते."

"हा फोटू सकाळी काढलास."

"तुम्हांला कसं कळलं?"

"ठोके दिसतात की. तिरपं ऊन असल्याबिगर ठोके दिसत न्हाईत. मीबी सांजच्याला तेवढ्याचसाठी पत्रा भाईर घेऊन बघायचो, कुठं उंच राहिलाय, कुठं बसलाय."

कोल्हापूरकडच्या बायका 'बघायचो', 'आलो' असंच बोलतात, त्यात नवल नव्हतं. पण ती काय म्हणाली ते डोक्यात शिरायला मला थोडा वेळ लागला.

"म्हणजे हे..."

"शिक्का त्यांचा," ती म्हणाली. "हात माझा."

मग शेंगा सोलता सोलता तिनं सांगितलं. लग्न झाल्यावर काही वर्षांनी कृष्णाजींचा उजवा हात अधू झाला. घर चालायला हवं होतं. दार लावून ती ठोकायला शिकली, आणि पुढची दहा वर्षं बाजारात कृष्णाजी तांबटाच्या नावानं जी घंगाळं गेली ती हिच्या हातची होती. ते वारल्यावर दिरानं हातोडी काढून घेतली. भांडं घासायचं, कल्हई करायची, एवढं बाईचं काम, ऐरणीवर बाई बसली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाला.

"आन् एक दिवस इंगवले आले. लाकडाचा एक साचा घेऊन, एवढा मोठा, काखेत मावंना. कृष्णाजी हायत का म्हटले. त्यांना ठावंच न्हवतं ते गेल्याचं. इंग्रजी पुस्तकात कुठली गाडी बघितलेली, तसली करायची होती. पत्रेवाल्यांनी हात टेकलेले. सपाट पत्रा कुणीबी वाकवतंय, पर असं दोन्ही अंगांनी फिरणारं पोट काढायचं तर ते भांड्यावाल्याचंच काम. मी साच्यावर हात फिरवला. म्हटलं, मी करून देतो."

"त्यांनी विश्वास ठेवला?"

"हसले. मग मी दुसऱ्या दिवशी एक तुकडा ठोकून दाखवला. मग न्हाई हसले."

"मग आबा सगळ्यांना 'मी केली' म्हणून का सांगतात?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच.

सगुणाबाई हातातली शेंग तशीच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "अजून तसंच सांगतात?"

"पंचवीस वर्षं."

"ती अट माझी हाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, पत्रा बडवीन, पर माझं नाव कुठं भाईर येता कामा न्हाई. कुणी इचारलं तर सांगायचं, मीच केली. बेचाळीस वर्सांची नवरा मेलेली बाई मी, लेक लहान. रोज कारखाना सुटल्यावर पाचला जायचं, आठला यायचं. फाटक लावून घ्यायचो. इंगवल्यांची मालकीण आत माझ्याशेजारी बसायची, गहू निवडत, रोज, एक दिवस चुकवला न्हाई त्या माउलीनं. पर रस्त्यावरनं जाणाऱ्याला आतली मालकीण दिसत न्हाई. बंद फाटकच दिसतंय."

"मग?"

"मग काय. बोलायला लागलेच गल्लीत. बॉनेटचा पत्रा झाला आन् मी लेकीला घेऊन हिकडं म्हायेरी आलो. पुढं तिलाबी ह्याच गावात दिली. रंग दिलेला बघितला न्हाई. चालताना बघितली न्हाई."

मी सगळ्यात वरचा फोटो बाजूला केला. त्याखाली होता आबांनी हट्टानं काढायला लावलेला, ड्रायव्हरच्या दाराचा. तो बघून ती पहिल्यांदा हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत.

"हे त्यांचं. मलाबी जमतंय म्हटले. चार पत्रे फाडले, पाचवा कसाबसा बसला. म्हटले, सगुणाबाई, ह्याच्यावरबी मारा की शिक्का. म्हटलं, न्हाई. जे आपलं न्हाई त्याच्यावर आपला शिक्का कसा मारायचा?"

माझ्या डोळ्यांसमोर आबांचा तळहात आला, त्या दारावर आपटणारा. लोकांनी विचारलं की ते दारावर हात ठेवत आणि मगच 'मी' म्हणत. एकदाही त्यांचा हात बॉनेटवर गेलेला मला आठवेना.

पिशवीतलं पाकीट मला एकदम जड वाटायला लागलं. मी सगुणाबाईला सगळं सांगितलं, मी आबांना काय काय बोलले ते, शब्द न गाळता.

"मग ते काय म्हटले?"

"म्हणाले, तू काय समजायचं ते समज."

तिनं फोटो एकावर एक नीट रचून माझ्या हातात दिले. मग शेंगांची पाटी उचलून उठली. "भाकरी खाऊन घे. दोनची गाडी हाय."

मला वाटलं, वाटेला लावलं मला. मी मान खाली घालून जेवले. हात धुऊन वळले तर सगुणाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती.

"चल," ती म्हणाली. "मीबी येतो."

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. रविवार असल्यानं फाउंड्री बंद होती. आबा आवारात बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते, शेजारी ताडपत्रीखाली बुटकी. आमची चाहूल लागली तसं त्यांनी वर पाहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली, बाजेवर ठेवली, पुन्हा उचलली, आणि मग उभे राहिले.

"सगुणाबाई."

"मालकीणबाई गेल्याचं कळलं होतं मला. यायला जमलं न्हाई."

"व्हय. सात वर्सं झाली."

आबांनी तिला बसायला बाज दाखवली, पण ती बसली नाही. मग तीच म्हणाली, "ही पोर तुम्हांला वाट्टेल ते बोलली म्हणं. बोलू का दिलंत?"

"बोलली तर बोलली. त्यात काय."

"आता सोडा की ती अट, आबा. बोलणारी सगळी वर गेली. दीर गेला, जाऊ गेली. समोरची गंगूबाई तर कवाच गेली."

"तुम्ही सोडल्याबिगर मी कशी सोडू?"

"सोडली."

आबांनी मान हलवली. मग वाकून त्यांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला. मी मदतीला पुढं झाले आणि म्हणाले, "आबा, माझं चुकलं."

"काय चुकलं? तू इचारलंस. इतक्या वर्सांत ह्या गावात एकानं तरी खाली वाकून बघितलं व्हय? धर ती कड."

सगुणाबाई बुटकीभोवती फिरली. बघत नव्हती, ऐकत होती. बोटाचं पेर पत्र्यावर मारायचं आणि मान कलती करून थांबायचं, मग पुढचा पत्रा. बॉनेटवर तिनं पूर्ण तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. सगळीकडं तिच्या टिचकीला घंटेसारखा बारीक सूर निघत होता. ड्रायव्हरच्या दाराशी आली, पेर मारलं, आणि आवाज आला थड.

"हे अजून डबडंच हाय," ती म्हणाली.

आबा इतके हसले की त्यांना बाजेवर टेकावं लागलं. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

मग त्यांनी पलीकडचं दार उघडलं. सगुणाबाईला त्या बुटक्या गाडीत बसायचं कसं ते कळेना. आधी पाय की आधी अंग, यात दोन मिनिटं गेली. बसली एकदाची. पदर कमरेला खोचला आणि समोर बघत म्हणाली, "चला." जागा दोघांचीच होती. मी आवारात उभी राहून दोन फोटो घेतले. पहिल्यात तिनं दोन्ही हातांनी पुढची काच धरलीय. दुसऱ्यात बुटकी वळणावर गेलीय आणि फक्त दोन पांढरी डोकी दिसतायत. आईला मी तो दाखवला तेव्हा ती म्हणाली, काढलास बाई शेवटी माणसांचा.

अर्ध्या तासानं ती दोघं परत आली. सगुणाबाईचा अंबाडा सुटला होता आणि चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ती काय म्हणेल, कसं वाटलं सांगेल.

"मागनं खडखडतंय," ती म्हणाली. "डावं मडगार्ड. पत्रा थकलाय. उद्या काढून ठेवा."

"तुम्ही कशाला तरास घेता? मी बघतो काय ते," आबा म्हणाले.

"तुम्ही? दार वाजवून बघितलं की मी आत्ताच."

आबांच्या सुनेनं तिला घरीच ठेवून घेतलं. रात्री मी मुरगूडला नेलेलं ते पाकीट फाडून नवीन पत्र लिहिलं, आणि लेख मे महिन्याच्या अंकात आला, दोन्ही नावं घालून. चार पानांची त्यांनी साडेतीनच दिली, उरलेल्या जागेत टायरची जाहिरात होती. त्यानंतर मी पुष्कळ गाड्यांचे फोटो काढले, परदेशात जाऊनही काढले. पण कुणी मला विचारलं की तुमचं काम दाखवा, तर मी आधी त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला रोल दाखवते.

लॅबला जायच्या आधी, आठच्या सुमाराला मी फाउंड्रीवर गेले होते. मडगार्ड सुटं करून ठेवलेलं होतं. सगुणाबाई आवाराच्या मधोमध पोत्यावर बसली होती, पुढ्यात वाळूची पिशवी, हातात लाकडी मोगरी. तिनं पहिला ठोका घातला, दुसरा घातला. पंचवीस वर्षं हातोडी न धरलेला तो हात तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला लयीत आला. आवाज रस्त्यापर्यंत जात होता. कामावर जाणारी उद्यमनगरातली माणसं थबकू लागली, सायकली थांबल्या. ते पाहून आबा उठले आणि सवयीनं फाटक लावायला निघाले. एक दार त्यांनी अर्ध्यापर्यंत ओढलंही.

"असू द्या," सगुणाबाई वर न बघता म्हणाली. "उघडंच असू द्या."

आबांनी दार पुन्हा मागं ढकललं आणि त्याखाली वीट लावली.

रस्त्यावरून एक रिक्षावाला डोकावला. "आजी, काय करायलीस?"

"गाडी," ती म्हणाली, आणि पुढचा ठोका घातला.